शेतातल्या आयओटी (नेटला जोडलेल्या) बोर्डावर फॉल्ट इंजेक्शन: खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

मोबाईल स्टार्टर, ठिबकचे कंट्रोलर, कोल्ड स्टोरेजचे तापमान सेन्सर असलं काही ना काही बनवणारी, बसवणारी, दुरुस्त करणारी पोरं जळगाव, धुळे, नंदुरबारकडे आता बरीच झालीत, आणि त्यांच्याकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात म्हणून सगळे इथं एका जागी टाकतोय. आधी सोपे, पुढं किचकट. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथं प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. फॉल्ट इंजेक्शन म्हणजे नक्की काय? हॅकिंगच ना हे?

हॅकिंगच, पण इथं कोडमधली चूक शोधत नाहीत, चांगल्या कोडला चूक करायला लावतात. चिप एकामागे एक इन्स्ट्रक्शन चालवत असते, तेवढ्यात नेमक्या क्षणी तिचा व्होल्टेज काही नॅनोसेकंद पाडला, किंवा क्लॉकमध्ये, म्हणजे चिपला ताल देणाऱ्या सिग्नलमध्ये, एक जादा ठोका घुसवला, की ती एखादी इन्स्ट्रक्शन गाळते नाहीतर मेमरीतून भलताच आकडा वाचते. आता ती गाळलेली इन्स्ट्रक्शन 'फर्मवेअरची (चिपमधल्या सॉफ्टवेअरची) डिजिटल सही जुळत नसेल तर थांब' हीच निघाली तर बोर्ड कुणाचंही फर्मवेअर चालवायला लागतो. तुमच्या कोडमध्ये एकही बग नसला तरी हे होतं, म्हणून नेहमीची कोड तपासणी यात कामाची नाही.

२. भाऊ, आमच्याकडे व्होल्टेज रोजच खालीवर होतो, मग रोजच अटॅक होतोय का?

नाही. डीपीवर लोड आला, शेजारच्याची मोटर सुरू झाली, की व्होल्टेज मिलीसेकंदापासून मिनिटापर्यंत खाली बसतो आणि तोही कुठल्याही वेळी. अटॅक करणारा थेट चिपच्या पिनवर, रिसेटनंतर ठरलेल्या क्षणाला, अगदी बारीक झटका देतो, आणि नाही जमलं तर रिसेट करून परत, हजारो वेळा, मशीनकडून. फरक नेम धरण्यात आहे. पण एक गोष्ट खरी, लाईनच्या गडबडीनं बोर्ड जसा मधूनच अडकतो, फ्लॅश मेमरी खराब होते, सेटिंग उडतात, ते होण्यामागचं चिपमधलं कारण बरंचसं तेच आहे. त्यामुळं या कामासाठी केलेली बरीचशी मेहनत तुम्हाला वॉरंटीत परत येणारे बोर्ड कमी करून देते, हा फायदा मालकाला आधी समजावून सांगा म्हणजे तो खर्चाला तयार होतो. उलटा त्रासही आहे, तो प्रश्न १२ मध्ये.

३. माझ्या केळीच्या बागेतल्या दोन-तीन हजाराच्या बोर्डासाठी कोण एवढी मेहनत घेईल?

तुमच्या एकट्याच्या बोर्डासाठी कोणी नाही घेणार. पण तोच बोर्ड कंपनीनं रावेर, यावल, चोपड्यापासून शिरपूर, शहाद्यापर्यंत हजारो ठिकाणी बसवलेला असतो, आणि त्या सगळ्यांत सर्व्हरला जोडायची 'की', म्हणजे गुप्त डिजिटल किल्ली, एकच असेल तर एक बोर्ड फोडणं म्हणजे सगळे फोडणं. सगळ्या गावाच्या कुलपांना एकच किल्ली असल्यासारखं आहे ते. एक बोर्ड विकत घ्यायचा, घरी निवांत बसून फर्मवेअर आणि की काढायची, आणि मग दूर बसून कुणाचीही मोटर चालू-बंद करायची, कोरड्या विहिरीत मोटर फिरवून जाळायची, किंवा फर्मवेअर जशीच्या तशी उचलून डुप्लिकेट माल बाजारात आणायचा. हा शेवटचा प्रकार छोट्या कंपनीला सगळ्यात जास्त मारतो असं मला वाटतं.

म्हणून मी सगळ्यांना पहिलं एकच विचारतो, प्रत्येक बोर्डाची की वेगळी आहे का? नसेल तर या पानावरचं बाकी सगळं नंतर करा, आधी ते करा. शेतात बेवारस उभा असलेला बोर्ड कधीतरी कुणाच्या तरी हातात पडणारच, तो फुटला तरी दुसऱ्याचं काही जाऊ नये एवढं तरी आपल्या हातात आहे.

४. याला लाखांची लॅब लागते ना? आपल्याकडे कुणाकडे असणार?

लेझरवालं काम असेल तर हो, महाग पडतं. पण व्होल्टेज ग्लिचला, म्हणजे वर सांगितलेल्या व्होल्टेजच्या बारीक झटक्याला, एक मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), एक स्वस्त मायक्रोकंट्रोलर आणि चिकाटी पुरते. चिपव्हिस्परर हे शिकण्यासाठीचं ओपन सोर्स साधन आहे, त्याचं छोटं मॉडेल काही हजार रुपयांत येतं, आणि पिकोईएमपी हे इलेक्ट्रोमॅग्नेटिक पल्स सोडायचं साधन तर रास्पबेरी पाय पिको या स्वस्त बोर्डावर बनतं. २०२२ मध्ये बेल्जियमच्या लेनर्ट वाउटर्स या संशोधकानं स्टारलिंकच्या सॅटेलाइट इंटरनेट डिशचा सिक्युअर बूट (चालू होताना फर्मवेअरची सही तपासणारी सोय) फोडून दाखवला, त्यासाठी त्यानं बनवलेल्या बोर्डाचा खर्च होता २५ डॉलरच्या आसपास. तेव्हा 'आपल्याकडे कुणाकडे असणार' यावर भरवसा ठेवू नका.

५. प्रकार किती आहेत?

मुख्य चार-पाच. व्होल्टेज आणि क्लॉकचे वर आलेच. तिसरा इलेक्ट्रोमॅग्नेटिक, चिपवर छोटी कॉइल धरून जोराचा पल्स सोडतात, यात वायर जोडायचीही गरज नसते. चौथा प्रकाशाचा: २००२ मध्ये केंब्रिजच्या स्कोरोबोगाटोव्ह आणि अँडरसन यांनी वरचं कव्हर काढलेल्या पीआयसी चिपमधली बिटं चक्क कॅमेऱ्याच्या फ्लॅशनं पालटून दाखवली होती. पाचवा तापमानाचा, चिपला तिच्या रेंजबाहेर तापवणं किंवा गार करणं. छोट्या उत्पादकानं आधी व्होल्टेज आणि इलेक्ट्रोमॅग्नेटिक या दोघांकडे बघावं, कारण स्वस्तात हेच होतात.

६. मी ईएसपी३२ वापरतो (कुणी एसटीएम३२ म्हणतं, कुणी एनआरएफ५२), फेकून देऊ का?

या तिन्ही वेगवेगळ्या मायक्रोकंट्रोलर चिप आहेत. फेकू नका, पण कुठलं रिव्हिजन आहे ते बघा. मूळ ईएसपी३२ चा सिक्युअर बूट लिमिटेड रिझल्ट्स नावानं लिहिणाऱ्या संशोधकानं २०१९ मध्ये व्होल्टेज ग्लिचनं टाळून दाखवला आणि त्याच वर्षी ईफ्यूजमधल्या (चिपमधल्या एकदाच लिहिता येणाऱ्या जागेतल्या) कीज पण वाचून दाखवल्या. हे सिलिकॉनमध्येच असल्यानं जुन्या चिपला सॉफ्टवेअर अपडेटनं पूर्ण उपाय होत नाही. कंपनीनं पुढं व्ही३ रिव्हिजन आणि सिक्युअर बूट व्ही२ आणलं, नवीन माल घेताना निदान तेच घ्या, स्वस्तात मिळतात म्हणून जुने मॉड्यूल उचलू नका. आणि व्ही३ म्हणजे अभेद्य असंही नाही, तिच्यावरही साइड चॅनल (चिपच्या वीज वापरासारख्या बाहेरच्या खुणांवरून की ओळखणं) लावून फ्लॅश एन्क्रिप्शन फोडलं गेलंय.

एनआरएफ५२ ची डीबग पोर्ट (चिपच्या आत बघायची वाट) बंद ठेवणारी सोय २०२० मध्ये अशीच टाळली गेली, आणि २०२१ मध्ये ॲपलच्या एअरटॅग या वस्तू शोधायच्या टॅगचं फर्मवेअर त्याच वाटेनं बाहेर आलं. एसटीएम३२ वर चालणाऱ्या ट्रेझर या क्रिप्टो वॉलेटमधून १५ मिनिटं हातात मिळालं तर सीड (वॉलेटची मूळ गुप्त किल्ली) काढता येतं हे २०२० च्या जानेवारीत क्रॅकेन या क्रिप्टो एक्स्चेंजच्या टीमनं सांगितलं.

एसटीएम३२ वाल्यांनी एक बारकावा लक्षात ठेवायचा. बऱ्याच फॅमिलीत वाचण्यावरच्या बंदीच्या बाइटला हेक्समधला (सोळाच्या पायाच्या आकड्यांतला) एए म्हणजे पूर्ण मोकळं, सीसी म्हणजे पूर्ण बंद, आणि बाकी काहीही असलं की मधली लेव्हल. म्हणजे पूर्ण बंद केलेल्या चिपचं एक बिट पालटलं की ती मधल्या लेव्हलवर घसरते. तरी सीसीच करा, एए वर माल पाठवणारे अजून दिसतात म्हणून हे लिहावं लागतंय.

७. सिक्युअर बूट ऑन केलंय, मग काय टेन्शन?

सिक्युअर बूट शेवटी एका 'जुळलं का नाही' वर येऊन थांबतं, आणि अटॅक नेमका तिथंच होतो. एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलमध्ये २०११ ला हेच झालं, प्रोसेसर हळू करून हॅश (कोडवरून काढलेला ओळखीचा आकडा) तपासायच्या वेळेला रिसेट लाईनवर बारीक पल्स दिला की तपासणी 'जुळलं' म्हणायची. बूटचा कोड दर वेळी रिसेटपासून तेवढ्याच वेळानं तिथं पोचतो, त्यामुळं नेम धरणं सोपं जातं. सिक्युअर बूट पाहिजेच, पण सोबत प्रश्न ९ मधलं पण पाहिजे. एमसीयूबूट हा ओपन सोर्स बूटलोडर (चिप चालू होताना आधी चालणारा कोड) वापरत असाल तर त्यात फॉल्ट इंजेक्शन हार्डनिंगचे प्रोफाइल तयारच आहेत, ऑफ, लो, मीडियम, हाय. बऱ्याच जणांना ते आहेत हेच माहीत नसतं. हाय मध्ये रँडम डिले येतो, त्यासाठी चिपमध्ये चांगला रँडम नंबर जनरेटर लागतो.

८. ब्राउन-आउट डिटेक्टर तर चालू आहे की, तो पकडणार नाही का?

व्होल्टेज खाली बसला की चिप रिसेट करणारा तो भाग तुमच्या लाईनच्या डिपसाठी आहे आणि चालूच ठेवा. पण साधारण ब्राउन-आउट सर्किटला जागं व्हायला मायक्रोसेकंदात वेळ लागतो, आणि ग्लिच काही दहा-शंभर नॅनोसेकंदाचा असतो, तो निघून जातो तरी याला पत्ता नसतो.

पीसीबीत मात्र बरंच करता येतं. चिपचा आतला कोर व्होल्टेज ज्या पिनवर बाहेर येतो, जशा एसटीएम३२एफ४ च्या व्हीकॅप पिना, तिथं टेस्ट पॉइंट ठेवू नका, ट्रॅक आतल्या लेयरमधून न्या. बाहेरच्या क्रिस्टलवर बूट करण्यापेक्षा आतल्या ऑसिलेटरवर करा म्हणजे क्लॉकमध्ये हात घालता येत नाही. रिसेट पिन उघडी सोडू नका, आणि जेटॅग किंवा एसडब्ल्यूडी या डीबग जोडणीचं हेडर प्रॉडक्शनच्या बोर्डावर ठेवून वर 'सर्व्हिससाठी लागतं' असं म्हणू नका.

९. कोडमध्ये नेमकं काय बदलायचं ते सांगा ना, थेअरी खूप झाली

हेच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिलं, शून्य आणि एक वर निर्णय ठेवू नका. 'बरोबर' साठी शून्य आणि 'चूक' साठी एक असलं तर एक बिट पालटलं की खेळ संपला. त्याऐवजी बरीच बिटं वेगळी असतील असे मोठे आकडे घ्या, साधं उदाहरण हेक्समधले ५ए आणि ए५, यांची आठही बिटं उलटी आहेत, ३२ बिटांचे घेतले तर अजून चांगलं. आणि या दोघांपैकी काहीच नसलेला तिसरा आकडा दिसला तर तो नक्की फॉल्ट, सरळ थांबायचं.

दुसरं, व्हेरिएबल सुरू होतानाच 'चूक' भरलेलं असावं. सगळं तपासून झाल्यावरच ते 'बरोबर' व्हावं. उलटं लिहिलेलं मी खूप ठिकाणी बघतो, आधी 'बरोबर' आणि मग अडचण आली तर 'चूक', तिथं एक इन्स्ट्रक्शन गळाली की दार उघडं.

तिसरं, महत्त्वाची तपासणी दोनदा, आणि दुसऱ्या वेळी उलट्या पद्धतीनं, मध्ये रँडम वेळ थांबून. एकदा नेम धरणं जमतं, लागोपाठ दोनदा आणि तेही हलत्या निशाण्यावर खूप अवघड जातं.

चौथं, लूप. हॅशचे ३२ बाइट तपासणारा लूप पहिल्याच बाइटनंतर बाहेर पडला तरी प्रोग्रामला 'सगळे जुळले' वाटू शकतं, म्हणून लूपनंतर काउंटर खरंच ३२ झालाय का ते बघा. तसंच बूटच्या प्रत्येक पायरीवर एका काउंटरमध्ये ठरलेला आकडा मिळवत जा आणि शेवटी बेरीज जुळते का बघा, एखादी पायरीच उडाली असेल तर कळतं.

पाचवं, पिन किंवा पासवर्डच्या चुकलेल्या प्रयत्नांचा काउंटर तपासायच्या आधी वाढवून फ्लॅशमध्ये लिहा, बरोबर निघाला तर मग परत शून्य करा. नंतर वाढवला तर समोरचा मध्येच पॉवर काढून घेतो आणि त्याला हवे तितके प्रयत्न फुकट मिळतात.

१०. दोनदा चेक लिहिला पण टेस्टमध्ये एकदाच होतोय, असं का?

कंपायलरनं उडवला. त्याच्या दृष्टीनं तीच गोष्ट दोनदा विचारणं वाया आहे. व्हेरिएबल व्होलाटाइल करा, आणि त्यावरही न थांबता डिसअसेंब्ली (तयार झालेल्या मशीन कोडची यादी) काढून डोळ्यांनी बघा की दोन वेगळे कंपेअर आणि दोन वेगळे ब्रँच खरंच आहेत. कंपायलरचं व्हर्जन किंवा ऑप्टिमायझेशनची लेव्हल बदलली की परत बघायचं. कंटाळवाणं काम आहे पण याशिवाय प्रश्न ९ मधलं सगळं कागदावरच राहतं.

११. सगळा बोर्ड इपॉक्सीत भरला तर?

भरा, पाण्यापासून आणि मुंग्या-पालींपासूनही वाचतो. पण इपॉक्सी तापवून, खरवडून निघते, आणि इलेक्ट्रोमॅग्नेटिक पल्स तर तिच्यातून आरपार जातो. वेळ वाढतो, अटॅक थांबत नाही. झाकण उघडल्याचं कळवणारा टॅम्पर स्विच पण चांगला, मात्र बोर्डाची पॉवर गेल्यावर तो बॅटरीवर चालला पाहिजे. सर्व्हिसला येणारा वायरमन रोज झाकण उघडणार असेल तर त्याचं काय, हे आधी ठरवा, नाहीतर पहिल्या महिन्यातच कोणीतरी स्विचला चिकटपट्टी लावून टाकतं.

१२. ग्लिच पकडला की सगळ्या कीज पुसून टाकायच्या ना?

बँकेच्या कार्डसाठी ठीक आहे, शेतातल्या बोर्डासाठी माझं स्पष्ट मत नाही असं आहे. तुमचा बोर्ड कशाच्या शेजारी बसलाय बघा. त्याच पेटीत कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा रिले), त्याची कॉइल सुटताना उलटा झटका मारते, साडेसात एचपीची मोटर सुरू होताना लाईन बसते, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला बाहेरच पारा ४५ च्या आसपास असतो, उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत त्याहून बरंच जास्त. एवढ्यात संवेदनशील डिटेक्टर लावला आणि पहिल्याच इशाऱ्यावर कीज पुसल्या, तर चोर यायच्या आधी तुमचेच बोर्ड मरतील, आणि केळीला त्या उन्हात पाणी चुकलं की जे नुकसान होतं ते कुठल्याही हॅकरनं केलेल्या नुकसानीपेक्षा मोठं असतं.

म्हणून आधी खरा गोंधळ कमी करा, कॉइलला स्नबर, इनपुटला एमओव्ही आणि टीव्हीएस डायोड (हे तिन्ही झटका शोषतात), रिले बाजूला ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल देऊन दोन बाजू वेगळ्या ठेवणारा भाग), चिपचा सप्लाय वेगळा गाळून. मग डिटेक्टरचा उंबरठा कॉन्टॅक्टर चालू-बंद करत, गरम पेटीत ठेवून ठरवा, टेबलावर एसीत बसून ठरवू नका. आणि कारवाई पायऱ्यापायऱ्यांनी. एखादा फॉल्ट दिसला तर रिसेट. थोड्या वेळात लागोपाठ दिसले तर दर रिसेटनंतर थांबायचा वेळ वाढवत न्या, फर्मवेअर अपडेट आणि डीबग बंद, सर्व्हरला निरोप. खूपच झाले तर चालू सेशनच्या कीज पुसा आणि सर्व्हरकडून नव्यानं ओळख पटवून घ्या. मूळ की पुसणं अगदी शेवटी, तेही झाकण उघडल्याचा पुरावा सोबत असेल तरच.

दोन गोष्टी यात लोक विसरतात. फॉल्टचा काउंटर फ्लॅशमध्ये लिहिताना व्होल्टेज बसलेला असू शकतो, म्हणून त्याच्या दोन प्रती आणि सीआरसी (चूक पकडणारा तपासणी आकडा) ठेवा. आणि स्टार्टरचं हिरवं-लाल बटण मायक्रोकंट्रोलरवर अवलंबून ठेवू नका, बोर्ड लॉक झाला तरी शेतकऱ्याला हातानं मोटर चालू करता आलीच पाहिजे.

१३. सिक्युअर एलिमेंट लावला की सुटलो?

बराचसा. एटीईसीसी६०८ किंवा ऑप्टिगा ट्रस्ट एम सारखी चिप की आतच ठेवते आणि अशा हल्ल्यांचा विचार करूनच बनवलेली असते. पण तुम्ही तिला फक्त 'सही बरोबर आहे का' विचारलं आणि तिच्या 'हो'वर मेन चिपनं निर्णय घेतला, तर अटॅक करणारा मेन चिपचा तो निर्णयच ग्लिच करतो. तिला हो-नाही विचारू नका, तिच्याशिवाय काम पुढं सरकूच नये असं डिझाइन करा, म्हणजे सर्व्हरच्या चॅलेंजला उत्तर तिनंच द्यायचं.

१४. ग्लिच डिटेक्टर असलेलीच चिप घेतली तर?

चांगलं आहे, पण तेवढ्यावर निवांत होऊ नका. रास्पबेरी पायच्या आरपी२३५० मध्ये ग्लिच डिटेक्टर आहेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कंपनीनं स्वतःहून बक्षीस लावून ती फोडायचं आव्हान दिलं, बक्षीस १०,००० वरून २०,००० डॉलर केलं, आणि २०२५ च्या जानेवारीत एकाहून जास्त जणांनी वेगवेगळ्या वाटांनी ती फोडल्याचं जाहीर केलं. पुढं सुधारलेलं रिव्हिजन आलं. कंपनीनं हे उघडपणे केलं याचा मला मनापासून आदर वाटतो. चिप निवडताना 'कधी फुटली का' यापेक्षा 'फुटल्यावर कंपनीनं काय केलं' ते बघा.

१५. हजार बोर्ड आधीच शेतात आहेत, चिप बदलता येत नाही. आता?

ओटीए, म्हणजे नेटवरून फर्मवेअर अपडेट, असेल तर प्रश्न ९ मधला भाग पाठवता येतो. त्याहून आधी सर्व्हर बाजू: प्रत्येक बोर्डाला स्वतःची की द्या, एका बोर्डाच्या ओळखीनं दुसऱ्याची मोटर हलणार नाही असं करा, एकच ओळख दोन ठिकाणांहून आली तर ती बंद करायची सोय ठेवा. जुनं कमजोर फर्मवेअर परत टाकता येणार नाही यासाठी रोलबॅक बंद करा. ओटीए नसेल तर सर्व्हर बाजूचं तरी कराच.

१६. केळीचा विमा हवामान केंद्राच्या आकड्यावर मिळतो, तिथं पण हे होऊ शकतं का?

होऊ शकतं, पण खरं सांगायचं तर तिथं कोणाला चिपपर्यंत जायची गरजच नाही. हवामान आधारित फळपीक विम्यात महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्राचं तापमान धरतात, आणि सेन्सरच्या भोवतीचीच हवा बदलली तर चिप इमानदारीनं चुकीचा आकडा सही करून पाठवते. तिथं कुंपण, जागेची निवड, शेजारच्या मंडळांशी आकडे ताडून बघणं हे उपाय. फॉल्ट इंजेक्शनचं संरक्षण ओळख आणि की वाचवतं, सेन्सरला काय दिसतंय ते नाही.

१७. बोर्डाला हात न लावता, नेटवरून फॉल्ट घालता येतो का?

मोठ्या प्रोसेसरवर येतो. २०१७ चा क्लॉकस्क्रू नावाचा हल्ला एआरएम फोनवर फ्रिक्वेन्सी-व्होल्टेज सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधूनच होता, २०१९ चा प्लंडरव्होल्ट इंटेलवर. साध्या मायक्रोकंट्रोलरवर हा धोका कमी, पण लिनक्सवर चालणारा गेटवे (बोर्डांना नेटशी जोडणारा डबा) असेल तर त्यावर ते कंट्रोल फक्त विश्वासू कोडच्या हातात राहतील आणि कर्नल अपडेट होत राहील हे बघा.

१८. सहीचं किंवा एन्क्रिप्शनचं गणितच चुकवलं तर?

हा जुना आणि खूप घातक प्रकार. बोने, डिमिलो आणि लिप्टन यांनी १९९६-९७ मध्ये दाखवलं की वेगासाठी सीआरटी (चायनीज रिमेंडर थिअरम) वापरून आरएसए या पद्धतीनं सही करताना एकदा चूक झाली, तर त्या चुकीच्या सहीवरून खाजगी की निघते. एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीवर पिरे आणि किस्काटेर यांनी २००३ मध्ये दोन चुकीच्या आउटपुटवर काम भागतं हे दाखवलं. उपाय सोपा आहे: सही झाली की पब्लिक कीनं स्वतःच तपासा आणि जुळली तरच बाहेर सोडा, एईएस दोनदा करा किंवा उलटं करून बघा. चुकलेलं उत्तर एररच्या मेसेजमध्येही बाहेर जाऊ देऊ नका.

१९. आपल्या बोर्डावर टेस्ट कशी करू? कायद्याचं काय?

सुरुवात फुकटात होते. डीबगरनं एकेक इन्स्ट्रक्शन हातानं गाळा आणि बघा कुठली गाळली की दार उघडतं. तेच एम्युलेटरमध्ये (कॉम्प्युटरवर चिपची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) स्क्रिप्टनं केलं तर पूर्ण बूटलोडर रात्रभरात तपासून होतो. कमजोर जागा दुरुस्त झाल्या की मग चिपव्हिस्परर घ्या आणि खऱ्या बोर्डावर लावा, २३० व्होल्टची बाजू काढून, वेगळ्या सप्लायवर. कॉलेजची पोरं प्रोजेक्टसाठी विचारतात त्यांनाही हाच क्रम सांगतो.

स्वतःच्या किंवा मालकाची लेखी परवानगी असलेल्या बोर्डावरच करा. दुसऱ्याच्या सिस्टीमवर केलं तर आयटी कायदा २००० च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि घरच्या वीज मीटरवर तर अजिबात नाही, मीटर तुमच्या भिंतीवर असला तरी त्याच्याशी छेडछाड वीज कायदा २००३ च्या कलम १३५ मध्ये वीजचोरीत बसते.